सीमाभागातल्या उद्योजकांनो, या चुका टाळा

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन आलं की बेळगावात दोन गोष्टी महागतात, लॉजच्या खोल्या आणि हार. मंत्री उतरलेले असतात तिथे सकाळी सातलाच रांग लागते. एकेका संघटनेची आठ-दहा माणसं, पुढच्याच्या हातात शाल, मागच्याच्या हातात निवेदन. फोटो होतो, निवेदन पीएकडे जातं आणि पीए ते काखेतल्या गठ्ठ्यात खुपसतो. त्या रांगेत मीही उभा राहिलोय. एका वर्षी आमच्या निवेदनात अकरा मागण्या होत्या. पुऱ्या किती झाल्या ते विचारू नका. अकरातल्या मलाच आता सहा-सात आठवतात.

उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, माझं मशीन शॉप आहे. इथल्या फाउंड्रीतून, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यातून, कास्टिंग (ओतीव भाग) येतं, आम्ही त्याचं टर्निंग, ड्रिलिंग करून कोल्हापूर-पुण्याला पाठवतो. ‘राज्याच्या आर्थिक भवितव्यात उद्योजकांची भूमिका’ या विषयावरची भाषणं पंचवीस वर्षं ऐकतोय. कर्नाटकाच्या उत्पन्नातला एक तृतीयांशाहून मोठा वाटा एकट्या बेंगळूर शहर जिल्ह्यातून येतो, म्हणजे बाकीच्या राज्यात कोणीतरी काही उभं करायला हवं, हे खरंच आहे. आमच्याकडे ते आहेही. फाउंड्र्या आहेत, हायड्रॉलिक्स आहे, हत्तरगीजवळ विमानांचे भाग बनतात, निपाणीला तंबाखू आहे, साखर कारखाने तर तालुक्यागणिक. भाषणात हे सगळं येतं. आपण नेमके कुठे चुकतो ते मात्र येत नाही, कारण समोर बसलेल्यांनीच हार घातलेला असतो. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

निर्णय झाल्यावर मोर्चा

12 मे 2023 ला राज्याच्या वीज नियामक आयोगाने युनिटमागे सरासरी 70 पैसे दरवाढ जाहीर केली, तीही 1 एप्रिलपासून लागू. जूनमध्ये बिलं हातात पडली तेव्हा डोळे उघडले. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण 600 युनिट लागतात. सरासरी दरवाढ धरली तरी टनामागे चारशेच्या वर गेले, आणि कास्टिंगचा दर तर पुण्याच्या गिऱ्हाइकाने वर्षभरासाठी बांधून घेतलेला. उत्तर कर्नाटकात ठिकठिकाणी उद्योजक रस्त्यावर उतरले, बेळगावातही मोर्चा निघाला. मीही घोषणा दिल्या, घसा बसला.

मग एक दिवस आमच्या सीएने सहज विचारलं, “तुम्ही हरकत दिली होती का?” कसली हरकत?

तर ती अशी. 2003 च्या वीज कायद्यात लिहिलंय की आयोगाने दर ठरवण्याआधी लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्यायला हव्यात. आपल्या भागाची वीज कंपनी हेस्कॉम. ती साधारण नोव्हेंबरअखेर आयोगाकडे अर्ज करते, त्याची जाहिरात पेपरात येते आणि मग सुनावणी होते. त्या जाहिरातीचा टाइप लग्नाच्या पंगतीतल्या मिठाइतका बारीक असतो, हे कबूल. पण ती छापलेली होती आणि माझ्या टेबलावर तोच पेपर डब्याखाली पसरलेला होता. मोर्चा निघाला तेव्हा आदेश होऊन महिना उलटला होता.

यावर उपाय कंटाळवाणा आहे. बारा महिन्यांची बिलं काढा. युनिटचा खर्च किती, डिमांड चार्ज (मंजूर भारावरचा ठरावीक आकार) किती, महिन्यात किती वेळा वीज गेली आणि त्या वेळी भट्टीत किती टन माल होता, हे एका कागदावर आणा. अर्धवट वितळलेला माल भट्टीतच गोठला की काय होतं हे फाउंड्रीवाल्याला सांगायला नको. पण सुनावणीत बसलेल्या माणसाला ते सांगावंच लागतं, आणि आकड्यातच सांगावं लागतं. दहा कारखान्यांचे असे दहा कागद हजार माणसांच्या मोर्चापेक्षा जड होतात, असं माझं मत झालंय. आता तर मार्च 2025 च्या आदेशात 2025-26 ते 2027-28 असे तीन वर्षांचे दर एकदम ठरलेत. एक तारीख चुकली की तीन वर्षं घोषणा देत बसा.

चुकीचं दार

ही चूक छोटी, पण रोजची. 15 कोटीपर्यंतच्या प्रकल्पाची मंजुरी जिल्ह्याच्या एकखिडकी समितीत होते. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि कागद फिरतात जिल्हा उद्योग केंद्रातून. आमच्यातले निम्मे लोक चार कोटीच्या शेडसाठी बेंगळूरला मंत्र्याच्या ओळखीने जातात, रात्रीची बस पकडून. तिथून पत्र निघतं ते फिरून याच जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर येतं, वर ‘मंत्र्यांकडून आलं’ म्हणून जरा जास्तच तपासलं जातं.

निवेदन कुठल्या भाषेत?

इथे काही जण माझ्यावर चिडतील. सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्याबद्दल माझ्या घरात जे मत आहे तेच तुमच्याही घरात असेल. पण पाण्याची लाईन, गटार, रस्त्यावरचे दिवे यांचा अर्ज मराठीत देऊन तो परत आला की अभिमानाने सांगायचं, किंवा वकिलाकडून घोटीव इंग्रजीत लिहून घ्यायचं, या दोन्हींनी कारकून काम पुढच्या आठवड्यावर ढकलतो. अर्ज कन्नडात द्या, मराठी प्रत सोबत जोडा. माझ्या शॉपमध्ये हुक्केरीचा पोरगा आहे, तो कन्नडात एवढं नेटकं लिहितो की कचेरीत आता त्याला नावाने ओळखतात. मला कोणी ओळखत नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

याच्याच पोटातली दुसरी गोष्ट मोठी आहे. जुलै 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांत स्थानिकांना आरक्षण देणारं विधेयक मंजूर केलं. व्यवस्थापनात 50 टक्के, बाकी जागांत 70 टक्के. स्थानिक कोण, तर राज्यात जन्मलेला, पंधरा वर्षं इथे राहिलेला आणि वर दहावीला कन्नड विषय असलेला किंवा कन्नडची परीक्षा पास झालेला. बेंगळूरच्या कंपन्यांनी ओरड केली आणि दोन दिवसांत विधेयक थांबलं. बेंगळूरचा मुद्दा वेगळा होता, त्यांना बाहेरच्या राज्यातली माणसं हवीत. आमचा मुद्दा खानापूरच्या मराठी पोराचा होता. त्याचा आजा-पणजा इथलाच, पण मशीनवर उभा राहण्याआधी त्याला ‘स्थानिक’ असल्याचा पुरावा द्यावा लागला असता. हे आमच्या भागातल्या कारखानदारांनी लेखी सांगायला हवं होतं. मी तरी सांगितलं नाही. व्हॉट्सॲपवर दोन दिवस चर्चा केली आणि तिसऱ्या दिवशी गुड मॉर्निंग सुरू झालं. विधेयक थांबलंय म्हणजे कायमचं गेलं, असं धरून चालू नका. तोवर आपल्याकडच्या पोरांना लिहिण्यापुरतं कन्नड येईल एवढी सोय करायला कोणाची परवानगी लागत नाही.

सीमेकडे पाठ

कोल्हापूर इथून शंभर-सव्वाशे किलोमीटर. कागल, गोकुळ शिरगाव, शिरोली या वसाहती आणि आपली उद्यमबाग, मच्छे हा खरं तर एकच बाजार आहे. इथलं कास्टिंग तिथे, तिथली हीट ट्रीटमेंट (भाग तापवून कठीण करणं) इथे. 2017 च्या जुलैत जीएसटी आला, सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावरची जुनी रखडपट्टी संपली, आणि आम्हाला वाटलं सीमा पुसली गेली. मग एकदा मी दोन हजाराच्या पिना हार्डनिंगसाठी टेम्पोतून कागलला पाठवल्या. पन्नास हजाराच्या आत ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना, लागत नाही, एवढंच डोक्यात. गाडी अडली. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, माल जातो तेव्हा किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतंच, हे मला त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभं राहून कळलं. चूक माझीच होती. दुसरा दिवस त्यातच गेला.

दुसरी खोड जास्त घातक आहे. काही अडलं की आपण म्हणतो, “नाहीतर आम्ही महाराष्ट्रात जातो.” हे इतक्या वेळा म्हणून झालंय की आता तिकडेही कोणी चहा टाकत नाही. आणि गेला तर मोठाच जातो. त्याच्यामागे राहणाऱ्या पंधरा छोट्या शॉपना कुठलं राज्य बोलावणार?

छोट्याचे पैसे अडवणं

सगळ्यात लाजिरवाणी चूक ही. मजगावात एक मेस्त्री आहेत, फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना, करतात. राहत्या घराच्या मागच्या बाजूला पत्र्याची शेड, दोन पोरं हाताखाली, एक बँड सॉ. त्यांच्याकडची पट्टी मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा चक्रावलो होतो. त्यांचा फूट बाजारातल्या फुटापेक्षा मोठा. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना शेकड्याला एक या हिशोबाने आकसतं, म्हणून पॅटर्न आधीच तेवढा वाढवून करायचा. वाढ मेस्त्रींच्या डोक्यात नसते, पट्टीतच असते.

एकदा बाहेरगावच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने माझे पैसे एकशे चाळीस दिवस लटकवले. मी काय केलं? मेस्त्रींचे लटकवले. फोन उचलायचा बंद केला. शेवटी ते स्कूटरवर बसून शॉपवर आले. पाणी प्याले, मशीनकडे बघत बसले आणि म्हणाले, “मालक, मागू नये म्हणून थांबलो हुतो. खरं, शनिवारी पोरांचा पगार हाय.”

मी त्यांना त्या दिवशी अर्धे दिले. बाकीचे द्यायला अजून महिना घेतला.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो की लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे जाता येत नाही. करार नसला तर 15 दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. 2023-24 पासून आयकरातही गाठ मारलीय. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी मिळतो. मोठ्या गिऱ्हाइकांवर याचा परिणाम झालेला मी पाहिलाय. मार्चअखेर अचानक फोन येतात, “तुमचं उद्यम सर्टिफिकेट पाठवा.” म्हणजे छोटा उद्योग असल्याच्या सरकारी नोंदणीचा कागद. काही जण उलटंही करतात. नोंदणी असलेल्याला काम द्यायचंच बंद करतात, तेव्हा सावध राहा.

मेस्त्रींकडे उद्यम नोंदणी नव्हती. ती फुकट होते, आधारवर, मोबाईलवरसुद्धा. माझ्या मुलीने त्यांची नोंदणी अर्ध्या तासात करून दिली. स्वतःविरुद्धच कागद करून दिला, असं माझा भाऊ म्हणाला.

किर्लोस्करांची गोष्ट अर्धीच सांगणं

बेळगावात उद्योगावर कोणीही बोलायला उभा राहिला की लक्ष्मणराव किर्लोस्कर येतातच. याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. 1888 साली बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर. पुढे नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी जागा हवी झाली, त्यांना हलायला सांगितलं. औंधच्या राजांनी कुंडलजवळ माळरान दिलं आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. इथे वक्ता सुस्कारा टाकतो, टाळ्या पडतात.

पण त्या वेळी ते नांगर करून बघणारे एक छोटे कारखानदार होते, हे आपण विसरतो. त्यांच्यासारखे आजचे लोक अनगोळ-मजगावच्या बोळात, रहिवासी भागात, घरामागच्या शेडमध्ये आहेत. आवाज होतो म्हणून शेजारी तक्रार करतो, नोटीस येते, लायसन अडतं, थ्री फेज कनेक्शन मिळत नाही. आणि आपल्या संघटना मागतात काय, तर शेकडो एकरांची नवी वसाहत. ती मागा, पण त्यातला प्लॉट मेस्त्रींच्या सात पिढ्यांना परवडणार नाही. त्यांना छोटा गाळा हवा, भाड्याने चालेल, हप्त्याने चालेल.

मी त्यांना विचारलं, नेमकी किती जागा लागेल? त्यांनी शेडमध्ये एक फेरी मारली, लाकडाच्या थप्पीकडे पाहिलं. “दोन गुंठे. आणि थ्री फेज.”

यंदा आमच्या निवेदनात मागणी एकच ठेवलीय. उद्यमबागेच्या आसपास रहिवासी भागात अडकलेल्या पॅटर्न शॉप आणि छोट्या मशीन शॉपसाठी दोन गुंठ्यांचे गाळे. सोबत एकतीस शॉपची यादी, कामगार किती, मशीन किती, कुणाच्या नोटिसा आल्यात. कन्नडात, हुक्केरीच्या पोराने लिहिलेलं. पाठवायच्या आदल्या संध्याकाळी मेस्त्रींना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, खिशातली पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, “दोन लिवू नका मालक, अडीच लिवा.”