युरोपात रेल्वेने फिरताय? या चुका टाळा

दादरला संध्याकाळी सहाच्या लोकलमध्ये चढून दाखवलेल्या माणसाला युरोपातल्या रेल्वेचं काय भय? निम्म्या चुका याच आत्मविश्वासापोटी होतात. एका राजधानीतून दुसरीत जाताना आपल्याकडच्या सवयी कुठे नडतात, ते अनुभवाने सांगते.

सगळ्यात महाग चूक घरी बसूनच होते, व्हिसाचा अर्ज भरताना. पॅरिस, मग लंडन, मग ॲमस्टरडॅम असा बेत पुष्कळजण आखतात. ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो हे ठाऊक असतं, तो काढलेलाही असतो. पण पॅरिसहून लंडनच्या गाडीत बसलात की तुम्ही शेंगेनमधून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून, बाहेर पडलात. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर तो तिथेच संपला, ॲमस्टरडॅमची तिकिटं हातात घेऊन बसा! एकतर मल्टिपल एन्ट्री मागा, नाहीतर लंडन बेताच्या एका टोकाला ठेवा. आणि परतीचं विमान पॅरिसहून काढलं असेल, तर लंडन शेवटी ठेवूनही उपयोग नाही.

याच मार्गावर दुसरा घोळ वेळेचा. गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी फलाटावर पोचणं व्हिएन्ना–बुडापेस्टला खपून जातं. लंडन–पॅरिस युरोस्टार गाडीला मात्र सामानाची तपासणी आणि दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी चढण्याआधीच होते, आणि गेट गाडी सुटायच्या अर्धा तास आधी बंद होतं. दीड तास हाताशी ठेवून जा. शेंगेनच्या आतही पासपोर्ट बॅगेच्या तळाशी कोंबू नका. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या भूसीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली. प्राग–बर्लिन गाडीत पोलीस चढले की वरच्या फळीवरची बॅग उतरवताना अख्खा डबा तुमच्याकडे बघतो.

आता स्टेशनं. 'पॅरिस' नावाचं स्टेशनच नाही. लंडनहून आलात तर गार द्यु नोरला उतरता, बार्सिलोनाची गाडी गार द लियोंहून सुटते, बर्लिनची दिवसाची थेट गाडी गार द लेस्तहून. नोरहून लेस्त चालत दहा मिनिटांवर आहे. गार द लियोंला जायला आरईआर डी ही लोकल पकडा, दोनच स्टेशनं पुढे. तरी सामान, जिने आणि तिकीट यंत्रापुढची रांग धरून तासभर तरी मध्ये सोडा. नावंही स्थानिक भाषेत असतात: व्हिएन्ना म्हणजे 'वीन', प्राग म्हणजे 'प्राहा'. ब्रसेल्सचं एक मोठं स्टेशन फ्रेंचमध्ये 'मिदी' आणि डचमध्ये 'झाउद' आहे. 'मिदी'ची वाट बघत 'झाउद' सोडून देणारे भेटले आहेत मला.

तिकीट आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या डोक्यात लवकर शिरत नाही. फ्रान्सच्या वेगवान टीजीव्ही गाड्यांत आणि युरोस्टारमध्ये जागा तिकिटासोबतच मिळते. जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकियातल्या बऱ्याच गाड्यांत तिकीट फक्त प्रवासाचं असतं, जागेचे थोडे पैसे निराळे. मी व्हिएन्नाहून बुडापेस्टला जाताना रिकामी खिडकी बघून ऐसपैस बसले. ग्योरला एक आजोबा आले आणि हसत सीटवरच्या छोट्या स्क्रीनकडे बोट दाखवलं. जागा ग्योरपासून आरक्षित होती. बसण्याआधी तो स्क्रीन वाचा. अनेक देशांत चालणारा युरेल पास घेतलात तरी टीजीव्ही आणि युरोस्टारचं आरक्षण वेगळं काढावं लागतं, आणि पासवाल्यांसाठी जागा मोजक्याच असतात.

रात्रीच्या गाडीत आपल्याच क्रमांकाच्या डब्यात चढा. आतून चालत जाऊ म्हणाल तर फसाल, कारण अशा काही गाड्यांचे डबे वाटेत तोडून वेगवेगळ्या शहरांना जातात.

गाडी लेट झाली आणि जोडगाडी हुकली तर? प्रवास एकसलग तिकिटावर असेल तर पुढे पोचवायची जबाबदारी रेल्वेची. तुकड्यातुकड्यांनी स्वस्त तिकिटं काढली असतील तर बहुधा तुमची तुम्ही निस्तरा. दोनशे रुपये वाचवायला मीही हे केलंय, शहाणपणा नव्हता. अशा वेळी दिसेल त्या पुढच्या गाडीत चढू नका. आधी उशिराचा स्क्रीनशॉट घ्या, मग मदतकक्षावर जाऊन नवा मार्ग लिहून घ्या. युरोपीय संघाच्या जून २०२३ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे मुक्कामी पोचायला एक तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला तर भाड्याचा २५ टक्के, दोन तासांपासून पुढे ५० टक्के परतावा मागता येतो. भयंकर हवामान किंवा रुळावर माणूस आला असेल तर नाही. रेल्वे कर्मचाऱ्यांचा संप मात्र सबब ठरत नाही.

आणि नकाशावर दोन राजधान्या शेजारी दिसल्या म्हणून थेट गाडी असेलच असं धरू नका. माद्रिद–लिस्बन रात्रीची गाडी मार्च २०२० मध्ये थांबली. आता गाड्या बदलत बदलत जवळजवळ अख्खा दिवस जातो. या एका जोडीपुरता मी रेल्वेचा हट्ट सोडते आणि विमानाचं तिकीट काढते.