हातच्याची वजाबाकी : एका आठवड्याचे टाचण

आठवडाभरात वर्गात काय शिकवायचे याचे टाचण काढताना आपण बहुधा सोमवारपासून सुरुवात करतो, आणि शुक्रवार उजाडेपर्यंत निम्मा भाग पुढच्या आठवड्यावर ढकललेला असतो. त्याऐवजी शुक्रवारपासून मागे येत आखणी करावी. शुक्रवारी मुलाला कोणाच्याही मदतीशिवाय काय करता आले पाहिजे, हे एका वाक्यात लिहावे. ते एका वाक्यात मावत नसेल, तर निवडलेला घटक फार मोठा आहे असे समजावे. 'वजाबाकी' हा एका आठवड्याचा घटक नव्हे, 'दशक सुटा करून दोन अंकी संख्यांची वजाबाकी' हा होय.

सोमवारी काहीही न शिकवता फळ्यावर ५२ − २७ हे उदाहरण लिहावे आणि मुलांना ते आपापल्या पद्धतीने सोडवू द्यावे. काही वह्यांत ३५ हे उत्तर हमखास सापडते, कारण २ मधून ७ जात नाहीत हे पाहून मूल ७ मधून २ वजा करते. हा निष्काळजीपणा नव्हे. 'मोठ्यातून लहान वजा करायचे' हा नियम मुलाने स्वतःच बसवलेला असतो, म्हणून 'नीट लक्ष दे' असा शेरा येथे निरुपयोगी ठरतो. अशा वह्या किती निघाल्या, ते मात्र टिपून ठेवावे.

त्यानंतर काड्या घ्याव्यात. दहा-दहा काड्यांचे ५ गठ्ठे आणि २ सुट्या काड्या मुलासमोर ठेवून त्यातून २७ काड्या मागाव्यात. दोन गठ्ठे सहज दिले जातात, सात सुट्या काड्या देताना मूल अडते, आणि नेमके याच क्षणी शिक्षकाला तोंड बंद ठेवणे जमले पाहिजे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि ही वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली तर मुलांची उत्तरे अधिक विस्तृत होतात, असे शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांना वर्गनिरीक्षणांतून आढळले होते. येथे तर त्याहूनही अधिक थांबावे. 'गठ्ठा सोडू का?' हा प्रश्न मुलाकडून आला, की त्या दिवसाचे काम झाले. एक गठ्ठा सोडल्यावर, आधी दिलेले दोन गठ्ठे धरून, एकूण ४ गठ्ठे आणि १२ सुट्या काड्या होतात, हे मुलाने स्वतः मोजून पाहावे.

मंगळवारी काड्यांऐवजी चित्रे काढून घ्यावीत. दशकासाठी उभी रेघ आणि एककासाठी ठिपका पुरेसा होतो. बुधवारी उभी मांडणी आणावी, परंतु काड्या टेबलावरून उचलू नयेत, कारण अंकांच्या डोक्यावर लिहिलेले ४ आणि १२ कोठून आले हे दाखवण्यासाठी त्या पुन्हा लागतात. त्याच दिवशी ६४ − २१ आणि ६० − २४ यांसारखी उदाहरणे मिसळून द्यावीत. सर्वच उदाहरणांत दशक सुटा करावा लागत असेल, तर मुले विचार न करता तो सुटा करू लागतात आणि शिक्षकाला मात्र सर्व काही समजले असे वाटते. माझ्या मते या घटकातील सर्वांत फसवी जागा हीच आहे.

गुरुवार चुकांसाठी राखावा. चुकीचे सोडवलेले एक उदाहरण फळ्यावर मांडून ते सोडवणारा कोठे घसरला, हे मुलांना शोधायला सांगावे. हे उदाहरण शिक्षकाने स्वतः रचलेले असावे. वर्गातील कोणाची वही त्यासाठी वापरू नये.

मंगळवारपासून रोज तासिकेची पहिली पाच मिनिटे उजळणीला द्यावीत आणि आदल्या दिवसाचे एक व मागच्या आठवड्याचे एक उदाहरण वही न उघडता पाटीवर सोडवून घ्यावे. शिकल्यानंतर विसरण्याचा वेग आरंभीच सर्वाधिक असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते, त्यामुळे ही उजळणी शनिवार-रविवारवर सोडून चालत नाही. शाब्दिक उदाहरणांचे वाचन भाषेच्या तासिकेत उरकता येते.

शुक्रवारी पाच उदाहरणे द्यावीत, त्यांपैकी एक शाब्दिक असावे. वह्या तपासताना गुणांपेक्षा तीन गठ्ठे करण्याकडे लक्ष द्यावे: जमलेले, मांडणीत अडखळलेले, आणि अजूनही ३५ सारखे उत्तर लिहिणारे. पहिल्या दोन गठ्ठ्यांतील मुलांना पुढच्या सोमवारी स्वतंत्र सराव देऊन तिसऱ्या गठ्ठ्यातील मुलांसोबत जमिनीवर बसावे आणि काड्या पुन्हा काढाव्यात.