माहितीचा अर्ज: गाऱ्हाणं नको, कागद मागा

आमच्या आळीतले माहिती अधिकाराचे अर्ज हमखास माझ्याकडे तपासायला येतात. बहुतेक खर्डे गाऱ्हाण्याने सुरू होतात: 'गेली कित्येक वर्षे रस्त्याची दुर्दशा...' ते मी आधी खोडतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. रडगाण्याला जागाच नाही.

'रस्ता का उखडला?' असं विचारू नका. कारणमीमांसा करणं माहिती अधिकाऱ्याचं काम नाही; दप्तरी असलेली नोंद देणं आहे. म्हणून असं लिहा: 'अमुक चौक ते तमुक शाळा या रस्त्याच्या २०२३-२४ मधील डांबरीकरणाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने व अंतिम देयक यांच्या प्रती मिळाव्यात.' (कार्यादेश म्हणजे काम सुरू करायचा आदेश, मोजमाप पुस्तिका म्हणजे झालेल्या कामाच्या मापांची वही, देयक म्हणजे बिल.) जागा, काळ, कागदाचं नाव, झालं. प्रत्येक कागदाला वेगळा क्रमांक दिलात तर आणखी बरं, म्हणजे एखादा राहिला की लगेच बोट ठेवता येतं. 'व इतर अनुषंगिक माहिती' हे शेपूट मात्र छाटाच. 'माहिती मोघम आहे' म्हणायला अधिकाऱ्याला आयतं निमित्त मिळतं.

बाकी सोपं. अर्जाचा ठरलेला नमुना म्हणजे जोडपत्र 'अ', त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. तारखेसह पोच घ्या. उत्तर देण्याची ३० दिवसांची मुदत अर्ज मिळाल्यापासून मोजतात.