हिवाळी चाकं, टायरप्रेशरचा दिवा आणि क्लोन केलेले सेन्सर

मॉन्ट्रियलला राहतो. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे, म्हणून वेगळ्या रिमवर चढवलेला संच घेतला. चाकं बदलून गाडी काढली तर डॅशबोर्डवरचा टायरमधल्या हवेचा पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकला आणि मग पेटूनच राहिला. नुसती हवा कमी असेल तर दिवा सरळ पेटतो. आधी लुकलुकला तर समजायचं, यंत्रणेतच गडबड आहे; बहुधा गाडीला हवेचा दाब मोजणारे सेन्सरच सापडत नाहीयेत.

काही गाड्या एबीएसवरून (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चाकांचा वेग ताडून हवेचा अंदाज बांधतात, तिथे रीसेट केलं की काम संपलं. माझ्या गाडीत मात्र प्रत्येक व्हॉल्व्हमागे सेन्सर असतो. तो रेडिओवरून स्वतःचा क्रमांक पाठवतो आणि गाडी फक्त नोंदवलेल्या चार क्रमांकांनाच दाद देते. दर मोसमात नवी नोंदणी म्हणजे वर्षातून दोनदा गॅरेजवाल्याची दिवाळी!

मी प्रोग्रॅम करता येणारे सेन्सर घेतले. फ्रीक्वेन्सी आधी बघा: ३१५ की ४३३ मेगाहर्ट्झ, चुकीचं आणलं तर गाडी बहिरीच. टायरवाल्याने हातातलं यंत्र उन्हाळी चाकांच्या व्हॉल्व्हजवळ धरून क्रमांक वाचले, तेच नव्या सेन्सरांत उतरवले. गाडीला फरक कळतच नाही.

कडाक्याच्या थंडीत दिवा परत पेटला, पण न लुकलुकता. पारा साडेपाच अंश उतरला की टायरमधला साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जातो. हवा भरली, विझला.

जुने सेन्सर स्वस्तात मिळतात, पण आतली बॅटरी सीलबंद असते, बदलता येत नाही. मी नवेच घेतले.