पोटाला मुका मार लागल्यावर काय करावं?

रक्त आलं नाही, कातडी फाटली नाही, म्हणजे थोडक्यात निभावलं, असं आपण म्हणतो. पोटाच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. गाडीचं स्टिअरिंग पोटावर आदळतं, माणूस उंचावरून पडतो, खेळताना लाथ बसते, आणि आतमध्ये प्लीहा (डाव्या बरगड्यांखालचा, जंतूंशी लढायला मदत करणारा अवयव) किंवा यकृत फाटतं. सीटबेल्टच्या दाबाने आतडं फुटू शकतं. मुलांचं जास्त जपा. सायकलचं हँडल पोटात घुसलं की नाण्याएवढा गोल वळ उमटतो. मूल रडून उठतं, पुन्हा खेळायला लागतं, आणि आत स्वादुपिंड (जठरामागची, पाचक रस बनवणारी ग्रंथी) पाठीच्या कण्यावर चेंगरलेलं असू शकतं.

१. जखमीला झोपवून ठेवा आणि रुग्णवाहिका बोलवा. पोट चोळू नका, शेकू नका. पाण्याचा घोटही नको, कारण भूल द्यावी लागू शकते.

२. वाट पाहताना मनगट धरून नाडी मोजत राहा. तरुण माणसाचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो, नाडी मात्र आधीच पळू लागते. गार घाम, तहान, घाबरेपणा, पोट फुगणं किंवा लाकडासारखं कडक होणं, लाल लघवी ही धोक्याची चिन्हं. खांद्याला मार नसताना डावा खांदा दुखत असेल, तर प्लीहेतून रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते.

३. डॉक्टरांना मार कसा आणि कधी लागला ते सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, गर्भारपण असेल, तर न विचारता सांगा.

४. आधी सोनोग्राफीने पोटात रक्त साठलंय का ते पाहतात. प्रकृती स्थिर असेल तर सीटी स्कॅन होतो.

५. प्रत्येक फाटलेल्या अवयवाला शस्त्रक्रिया लागत नाही. प्लीहा-यकृताच्या पुष्कळ जखमा अतिदक्षता विभागात नजरेखाली भरून येतात. ‘नुसतं झोपवून ठेवलंय’ असं नातेवाइकांना वाटतं, पण तोही उपचारच आहे. काहींची रक्तवाहिनी आतून नळी घालून बंद करतात. रक्तदाब ढासळत असेल किंवा आतडं फुटलं असेल तर मात्र पोट उघडावंच लागतं. मधोमध उभा छेद घेऊन आधी कापडी घड्या दाबून रक्त थांबवतात, मग आतडं शिवतात किंवा फाटका भाग काढून जोडतात. प्लीहा वाचत नसेल तर काढतात. रुग्ण फार खचला असेल, तर रक्त थांबवून पोट तात्पुरतं झाकतात आणि तो सावरल्यावर, साधारण एक-दोन दिवसांनी, उरलेलं काम करतात. हा निष्काळजीपणा नव्हे, जीव वाचवण्याची रीत आहे.

६. फुटलेल्या आतड्याची लक्षणं काही तास उशिराही दिसतात, प्लीहा कधी काही दिवसांनी फुटते. म्हणून घरी आल्यावर दुखणं वाढलं, ताप, उलटी किंवा भोवळ आली, तर लगेच परत जा. धावपळीचे खेळ आणि ओझी उचलणं डॉक्टर सांगतील तोवर बंद. प्लीहा काढली असेल तर न्यूमोनिया आणि मेंदूज्वराच्या जंतूंविरुद्धच्या लसी घ्या, आणि पुढे आयुष्यभर ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर गाठा.