मनी लाँडरिंगची बातमी वाचताना या चुका टाळा

मनी लाँडरिंग, म्हणजे गुन्ह्यातला पैसा वैध भासवणं, म्हटलं की आपल्याला हवाला आणि नोटांच्या बॅगा आठवतात. पहिली चूक तीच. मलेशियाचा ‘वनएमडीबी’ घोटाळा बघा. अमेरिकी न्याय खात्याच्या म्हणण्यानुसार २००९ ते २०१५ दरम्यान या सरकारी निधीतून साडेचार अब्ज डॉलरहून जास्त रक्कम पळवली गेली, तीही नामांकित बँकांमधून. २००९ मध्ये ७० कोटी डॉलर सेशेल्सच्या ‘गुड स्टार’कडे गेले, कारण दाखवलं भागीदाराच्या कर्जफेडीचं. कंपनी निघाली झो लो या मध्यस्थाची.

कंपनीच्या नावावर तर कधीच जाऊ नका. ‘आबार इन्व्हेस्टमेंट्स पीजेएस’ ही अबू धाबीची खरी सरकारी कंपनी. त्याच नावापुढे नुसतं ‘लिमिटेड’ लावून ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये दुसरी उघडली गेली आणि ‘वनएमडीबी’ने २०१२ मध्ये कर्ज उभारायला काढलेल्या रोख्यांचे एक अब्जाहून जास्त डॉलर तिच्या खात्यात वळले. नोंदणी कुठली आणि पैसा शेवटी कोणाचा, एवढंच विचारायचं.

सगळ्यात मोठी गफलत म्हणजे ‘आधी भ्रष्टाचार, मग धुलाई’ असा सरळ क्रम धरणं. २०१३ मध्ये मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान नजीब रझाक यांच्या वैयक्तिक खात्यात याच घोटाळ्यातले ६८.१ कोटी डॉलर आले. जुलै २०१५ मध्ये हे बाहेर फुटलं आणि त्याच महिन्यात त्यांनी ॲटर्नी जनरल आणि उपपंतप्रधान दोघांनाही घरी बसवलं. नव्या ॲटर्नी जनरलनी जानेवारी २०१६ मध्ये ती रक्कम सौदी राजघराण्याची देणगी ठरवून फाइल बंद केली. म्हणजे धुतलेल्या पैशाला राखण पुन्हा सत्तेचीच. २०१८ मध्ये नजीब निवडणूक हरले, तेव्हा कुठे खटले उभे राहिले.

हा फक्त गरीब देशांचा रोग, असंही समजू नका. अमेरिकेच्या ‘गोल्डमन सॅक्स’ बँकेने ‘वनएमडीबी’ला साडेसहा अब्ज डॉलरचे रोखे उभारून देताना सुमारे ६० कोटी डॉलर कमावले, २०२० मध्ये तडजोडीपोटी २.९ अब्ज मोजले. शिस्तीच्या सिंगापूरलाही याच प्रकरणात २०१६ मध्ये तिथली स्विस ‘बीएसआय’ बँक बंद करावी लागली.

आपल्याकडे ईडीची बातमी आली की जप्तीचा आकडा बघून निकाल देऊ नका. पीएमएलए या मनी लाँडरिंगविरोधी कायद्यात मूळ गुन्हा लागतो, उदाहरणार्थ लाचखोरीचा. त्या गुन्ह्यातून आरोपी निर्दोष सुटला, तर त्याच्यावरचा लाँडरिंगचा खटलाही उभा राहत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा आधी मूळ एफआयआर कुठे पोहोचलीय ते शोधा.