नॉब स्थिर, तरी सूर थरथरतो: काय केलं
नॉब फिरवून सूर बदलायचा आणि आकडा स्क्रीनवर दाखवायचा, असं छोटं यंत्र: आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (हाच नॉब), ८ ओहमचा स्पीकर, १२८ × ६४ ठिपक्यांचा ओएलईडी स्क्रीन. नॉबला हात न लावताही सूर थरथरत होता आणि फिरवला की पायऱ्या-पायऱ्यांनी चढत होता. दोष दोन, कारणं वेगवेगळी.

थरथर अ‍ॅनालॉग वाचनातली, म्हणजे बोर्ड नॉबचं व्होल्टेज आकड्यात मोजतो त्यातली. ० ते १०२३ मधला आकडा एक-दोनने हलतच राहतो. तो १०० ते २००० हर्ट्झवर पसरवला की दर एककाला जवळपास २ हर्ट्झ सरकतात. १६ वाचनांची सरासरी घेतली, आणि ती किमान ४ ने बदलली तरच टोन (पिनवर सूर वाजवणारी कमांड) पुन्हा दिला.

पायऱ्या स्क्रीनमुळे. पूर्ण चित्र म्हणजे १०२४ बाइट. आयटूसी (बोर्ड आणि स्क्रीनमधली दोन तारांची जोडणी) १०० किलोहर्ट्झवर असेल तर ते पाठवायला साधारण ०.१ सेकंद लागतो, आणि तेवढा वेळ नॉब वाचलाच जात नाही. वेग ४०० किलोहर्ट्झ केला. शिवाय आकडा बदलला तरच, तेही मिलिस (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) बघून २०० मिलिसेकंदांत एकदाच, स्क्रीन ताजी केली. डिले (प्रोग्रॅम थांबवून ठेवणारी कमांड) पूर्ण काढला.

स्पीकरच्या सिरीजमध्ये २२० ओहमचा रेझिस्टर हवाच. थेट जोडला तर पिनच्या ४० मिलिअँपच्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त करंट ओढला जातो. आवाज बारीक येतो, पण पिन वाचते. आणि टोन चालू असताना ३ व ११ या पिनांवर पीडब्ल्यूएम (पिन भराभर चालू-बंद करून कमी-जास्त पॉवर देणं) विसरा.